खांबाजवळचं पाणी

ओढ्याच्या पाण्याचे नमुने तपासायला नेणारे म्हणून सगळे त्यांना बाटलीवाले काका म्हणत. दर सोमवारी एक बाटली भरायची आणि प्रयोगशाळेत द्यायची, एवढंच काम. पण त्या बाटलीचा दरारा केवढा! पाण्यातली घाण मर्यादेबाहेर गेली की काठावरच्या नव्या घरांची परवानगी बंद. दोन वर्षं ती बंदच होती. एकशे चाळीस घरं जोत्यावर अडकली होती, त्यांतलं एक काकांच्या धाकट्या बहिणीचं.

बिल्डरचा माणूस एकदा म्हणाला होता, "काका, नमुना जरा वरच्या अंगाला घ्या ना."

काकांनी चारचौघांत त्याला असा फैलावर घेतला की बिचाऱ्याला पळता भुई थोडी झाली. तेव्हापासून काका म्हणजे सचोटीचा पुतळा. सासू, नवरा आणि दोन मुलांना घेऊन एका खोलीत राहणाऱ्या बहिणीनेही कधी चकार शब्द काढला नाही.

मग प्रयोगशाळेत नव्या मॅडम आल्या. म्हणाल्या, "चला, नमुन्याची जागा दाखवा. खांब कुठाय?"

खुणेचा खांब होता पुलापासून पाऊण किलोमीटर वर, काटेरी झुडपांत. नियमाप्रमाणे पाणी तिथलंच मोजायचं. गुडघे धरल्यापासून काका पुलावरूनच दोरीने बाटली सोडत होते, आणि पुलाच्या जरा वरच गोठ्याचं सांडपाणी ओढ्यात पडत होतं. पाणी ते पाणी, त्यात काय एवढं, असं त्यांना वाटायचं. आळस, दुसरं काय!

मॅडमनी खांबाजवळ बाटली भरली. चार दिवसांनी अहवाल आला. पाणी मर्यादेत होतं.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमना त्यांनी सगळं लिहून दिलं. ते त्या मानाने सोपं गेलं. मग ते बहिणीकडे गेले.

ती हसतच म्हणाली, "ये दादा. आत्ताच पोरांना सांगत होते, मामाने सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा नियम वाकवला नाही."

काकांनी मान खाली घालून सांगून टाकलं. पुलाचं, दोरीचं, गुडघ्यांचं, सगळं. नमुना वरच्या अंगाला घ्या म्हणणाऱ्या बिल्डरच्या माणसाचं बरोबर होतं, हेही.

त्यांना वाटलं, आता चार शिव्या घालेल, घालू दे.

"गुडघे दुखतात हे मला का नाही सांगितलंस, दादा?" ती म्हणाली. "दर सोमवारी मी आले असते तुझ्याबरोबर. बाटली घेऊन वर गेले असते."