शालिकरामनं शिकवलेली दारू

शालिकराम नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडच्या एका गावचा. वय बहात्तर, गळ्यात तुळशीची माळ, आणि दारूचा थेंब कधी जिभेला लागलेला नाही. तरी त्या पंचक्रोशीत दारूचं त्याच्याइतकं ज्ञान कुणालाच नाही. हे ज्ञान त्याला दमणीनं दिलं. तरणाबांड होता तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तो आपली बैलदमणी घेऊन नांदगावला जायचा, आणि ऊन कललं की परत येताना मिरच्यांच्या पोत्यांबरोबर गावातली दोन-तीन पिलेली माणसंही दमणीत असायची. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यात माणूस आडवा पडलेला असला तर बैलच पुढे पाय टाकत नाहीत, मग करता काय. ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या दारात उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी भेटला तर तुरीला शेंगा किती धरल्या ते विचारायचं. कालचा विषय काढायचा नाही. अर्ध्या गावाची अब्रू अशी तीस वर्षं शालिकरामच्या पोटात राहिली.

त्यातच त्याचा मेहुणा देवरावही होता. शालिकरामची धाकटी बहीण सुभद्रा त्याला, गावातच दिलेली. देवराव पितो हे गावाला ठाऊक होतं, पण तो घराच्या दारात येऊन काय करतो हे बहीण-भावांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. दमणीतले बाकीचे काही पाहण्याच्या स्थितीत नसत. सुभद्रानं एकदा भावाचा हात धरून सांगितलं होतं, "भाऊ, दारातलं दारातच राहू दे." त्यानं माळेला हात लावून हो म्हटलं. देवराव जाऊनही आता एकोणीस वर्षं झाली.

आणि मग गावात सिनेमा आला. म्हणजे दाखवायला नव्हे, काढायला. गावाबाहेर कापसाची जुनी बंद पडलेली जिनिंग आहे. पुण्याच्या पुष्कर नावाच्या दिग्दर्शकाला तिच्यात शंभर वर्षांपूर्वीचा दारूचा गुत्ता दिसला. सिनेमा होता एका कवीचा. हा कवी दारू प्यायचा, नाचणारणींच्या दारात पडून राहायचा, बायकोचे दागिने विकायचा, कविता लिहून फाडून टाकायचा आणि शेवटी चाळिशीच्या आत मरायचा. गावात अशी माणसं बरीच होऊन गेली होती, कविता तेवढी त्यांनी केली नव्हती.

कवी झालेला शुभंकर मोठा मेहनती पोरगा. पहाटे उठून व्यायाम करायचा आणि उकडलेल्या भाज्या खायचा. त्यामुळे दारूचा झोक काही त्याला साधेना. पुष्करनं मग गावातले खरे पिणारे बोलावले, त्यांच्याकडं पाहून शुभंकरनं शिकावं म्हणून. पण गोष्ट भलतीच झाली. कॅमेरा समोर दिसताच त्या माणसांनी शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या, केसांना पाणी लावलं आणि ताठ उभं राहून 'नमस्कार साहेब, आपण कुठून आलात' अशी पुस्तकातली मराठी सुरू केली. त्या दिवशी सगळं गाव शुद्धीवर होतं.

त्यातल्या पंजाबरावनंच शेवटी उपाय सांगितला. "साहेब, आमी काय करतो थे आमाले मालूम नाही. थे शालिकरामले इचारा."

शालिकराम गेला, शुभंकरचं झोकांड्या खाणं पाहिलं आणि म्हणाला, "ह्याले चढली नाही, ह्याले ऊन लागलं. पिलेला मानूस डोलत नाही बापा. थो सरळ चालासाठी जिवाचं रान करते."

झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याला खुर्ची मिळाली, अदिती नावाची मदतनीस पोरगी विचारून चहा आणू लागली, आणि प्रत्येक प्रसंग झाला की पुष्कर मान वळवायचा, "काका, जमलं का?" बहात्तर वर्षांत 'जमलं का' असं शालिकरामला कुणी विचारलं नव्हतं. माणूस फुलला. तीस वर्षांचं साठलेलं एकेक बाहेर येऊ लागलं. नावं तो घेत नव्हता, हे त्याचं समाधान. पंजाबराव बैलाचा कान धरून त्याची माफी मागायचा, ते कवीला मिळालं. कुणाचं रडणं मिळालं, कुणाचं शिवी देऊन लगेच पाया पडणं मिळालं. कवी दिवसेंदिवस बिघडत चालला आणि पुष्कर खूश होत चालला.

पाचव्या दिवशी दाराचा प्रसंग आला. कवी पिऊन घरी येतो. शुभंकरनं दारावर लाथा मारल्या, आरडाओरडा केला. "असं नाही," म्हणत शालिकराम उठला आणि काय करतो आहे हे कळण्याआधीच करून मोकळा झाला. त्यानं चपला काढल्या, भिंतीशी जोडीनं लावल्या, टोपी सारखी केली, चौकटीवर एका बोटानं टकटक केली आणि आदबीनं म्हणाला, "बाई, येऊ काय आत?"

अदितीनं डोळे पुसले. शालिकरामनं मात्र घाईघाईनं चपला परत पायात घातल्या; हे देवरावचं होतं. देवराव शुद्धीत असला की बायकोला 'ए' म्हणायचा. पिला की 'बाई' म्हणायचा आणि स्वतःच्या घरात शिरायची परवानगी मागायचा.

"हे नोका घेऊ," शालिकराम म्हणाला.

"बघू ना काका," पुष्कर म्हणाला. पुण्याच्या 'बघू'चा अर्थ शालिकरामला सिनेमा लागल्यावर कळला.

अमरावतीला सिनेमा लागला तेव्हा गावातून दोन काळ्या-पिवळ्या जीपा भरून निघाल्या. शालिकरामनं बहिणीला अडवून पाहिलं. "लय घान पिच्चर हाये. बाया नाचतात त्यात."

"मंग तू पाच दिवस खुर्ची टाकून काय पाहून राहिला होता?" असं म्हणून सुभद्रा पुढच्या सीटवर बसली.

टॉकीजमध्ये ती त्याच्या शेजारीच होती. कवीनं बैलाचा कान धरला आणि पंजाबराव उभा राहिला. "हा मी होय," त्यानं मागच्या रांगांना शांतपणे सांगितलं. बायकोनं त्याला सदरा ओढून बसवलं. पुढे कुणाला बाप दिसला, कुणाला काका. लाज वाटायची ती राहिलीच बाजूला, मध्यंतरात भाऊबंद भांडू लागले की रडणं नक्की कुणाच्या घरचं. शालिकरामनं घेतलेलं पॉपकॉर्न तसंच हातात राहिलं.

मग दार आलं. चपला जोडीनं लागल्या. टकटक झाली. "बाई, येऊ का आत?" आणि पुष्करनं काय केलं, तर दार उघडलंच नाही. कवीची बायको आतून कडीवर हात ठेवून उभी, आणि कवी रात्रभर उंबऱ्यावर. सकाळी त्यावर कविता.

सुभद्रा काही बोलली नाही. येतानाही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. शालिकरामचं जेवण तुटलं. मोडलेला शब्द परत जोडता येतो का, हे कुणाला विचारावं तर सगळं गाव पंजाबरावची बैलाची गोष्ट ऐकण्यात गुंग.

चौथ्या दिवशी दुपारी ती आली आणि ओसरीवर बसली.

"चूक झाली बाई माझी," शालिकराम म्हणाला. "चपलाचं अन् टकटकीचं म्याच सांगतलं."

"थे राहू दे. दाराचं तुले कोनं सांगतलं?"

"कोन्त्या दाराचं?"

"उघडलं नाही थे. तू तं त्याले उतरवून लगेच निंगून जात होता. मंग तुले कसं मालूम?"

"म्या नाही सांगतलं. म्या तं टकटकीपर्यंतच सांगतलं होतं. थे त्या पुन्याच्या पोराच्या मनचं हाये."

आता सुभद्राच्या लक्षात आलं, की भावानं झाकलेलं फार थोडं होतं, आणि जे तिचं तिनं इतकी वर्षं झाकलं ते ती आत्ता स्वतःच सांगून बसली. ती पदराचा काठ चाचपत राहिली.

"एकच डाव झालं तसं," ती म्हणाली. "पोरगं तापानं फणफणलं होतं. म्या म्हनलं, राहू दे आज बाहेर. म्या आतून आयकत होतो, दोनदा इचारलं त्यानं. मंग इचारनं बंद केलं. सकाळी उठला, चहा पेला अन् वावरात गेला. कधी काही म्हनलं नाही. तू तं एवढे पिलेले पाह्यले. त्याले आठवत असन काय रे?"

ह्या प्रश्नाचं उत्तर शालिकरामइतकं पक्कं वऱ्हाडात कुणाजवळ नव्हतं. पिलेल्याला सगळं आठवतं. आठ दिवसांनी येऊन पंजाबराव आपली चप्पल कोणत्या नाल्याच्या वळणावर दमणीतून पडली ते सांगायचा. कुणी उचलून घेतलं, कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं, एकही सुटत नाही.

"नाही आठवत," शालिकराम म्हणाला. "पिलेल्या मानसाले काहीच आठवत नाही."

"पिच्चरमंदी तं थो सकाळी उठून कविता लिहिते."

"त्याईले काय मालूम, सुभद्रे? थो हिरो उकडलेल्या भाज्या खाते."

ती थोडं हसली. मग म्हणाली, "चहा मांडतो," आणि भावाच्याच घरात उठून चुलीकडं गेली.