डाव्या चाकाचं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला राग येतो. लोणावळ्याच्या बाजारात माझं, या कादरचं, सायकलीचं दुकान. पंक्चर काढायची, छर्रे बदलायचे. मोटारींची चाकंही यायची. हाताला लागतं तेवढंच खरं, असं मानणारा मी माणूस. म्हणून रखमाजीची गोष्ट इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही.

रखमाजी आंदर मावळातला. चौतीस-पस्तीस साली तुंगार्लीच्या रस्त्याला एका मुंबईकर शेठच्या बंगल्यावर तो गाडी धुवायला होता. बायको सरुबाई तिथंच भांडी घासायची. गाडी धुणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बैल धुणं येत होतं, तेच त्याने गाडीला लावलं. आधी पाठीवर हात, मग दोन शब्द, मग पाणी, आणि तोंड सगळ्यात शेवटी. "एकदम तोंडावर पानी मारलं का जनावर बुजतं," म्हणायचा. मी चिडवायचो, "रखमाभाऊ, वैरणही घालत जा तिला." तो हसून फडकं पिळायचा.

चाकाचा चिखल बोटांत चुरून गाडी कुठं जाऊन आली तेही तो सांगे. ड्रायव्हर महिपतीला हे मुळीच खपायचं नाही.

रखमाजीला पोर नव्हतं. होता तो धाकटा भाऊ, कोंडाजी. आई गेली तेव्हा कोंडा रांगत होता. रखमाजीने त्याला अंगाखांद्यावर वाढवला. तुळशीच्या लग्नानंतर त्याचंच लग्न ठरलं होतं. दर दसऱ्याला हा कोंडा गावाकडून चालत कान्ह्याला यायचा, तिथून सडकेने लोणावळ्याला, आणि दिवेलागणीला भावाच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवून पाया पडायचा. त्यांच्या घराची एक रीत होती. आपट्याच्या पानांची जुडी घरच्या बैलाच्या शेपटीच्या केसांनी बांधायची. बैलानेही सोनं दिलं पाहिजे, असा त्यामागचा भाव.

त्या दसऱ्याला कोंडा आला नाही.

रखमाजी पहिल्यांदा रागावला. "लगीन ठरलं आन भाऊ इसरला," म्हणत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी धुवायला बसला. दसऱ्याची पूजा त्याच दिवशी पुसायची नाही असा नेम, म्हणून गाडी आदल्या दिवशीच्या कुंकवाफुलांसकट तशीच उभी होती. दसऱ्याच्या रात्री शेठला घेऊन महिपती तळेगावला जेवणाला गेला होता, उशिरा परतला. दसऱ्याच्या सकाळी पूजेला त्याने तीन बोटं कुंकू लावलं होतं. आता पुढच्या डाव्या चाकावर आणि वरच्या पंख्यावर, म्हणजे मडगार्डवर, मूठभर थापलेलं होतं. महिपतीला भक्ती चढली, एवढंच रखमाजीला वाटलं.

ते कुंकू निघेना, म्हणून तो दुकानात मला विचारायला आला. मी शहाणा. म्हटलं, "गरम पाणी मार."

त्या चाकातून त्याने शेतातल्या भाताची दोन धाटंही उपसली. "गाडी सडक सोडून खाली उतरलीवती," तो मला म्हणाला. महिपतीला विचारलं तर तो अंगावरच आला.

चार दिवसांनी गावाकडून निरोप आला. कोंडा दसऱ्याला यंदा उशिरा, दुपार कलल्यावर निघाला होता, तुमच्याकडेच आहे ना? मग मात्र रखमाजीच्या तोंडचं पाणी पळालं. कान्हे, कामशेत, कार्ले सगळं पालथं घातलं. कुणी पाहिलं नव्हतं. चौकीवर म्हणाले, पोरगा मुंबईला पळाला असेल. तरी रोज सकाळी गाडी धुवून तो शोधायला बाहेर पडायचा.

आणि गाडीचं पाणी लालच येत होतं.

मी स्वतः पाहिलं, म्हणून सांगतो. दोन दिवस गाडी जागची हललेली नव्हती. मागचं पाणी स्वच्छ. उजव्या चाकाचं स्वच्छ. डाव्या चाकावर तांब्या ओतला आणि फरशीवरून तांबूस ओघळ माझ्या चपलेपाशी आला. त्यावर माशा बसल्या. कुंकवाला माशा बसताना मी कधी पाहिल्या नाहीत. रखमाजी हळूच म्हणाला, "कादरभाई, हितं हात नेला का ही अंग चोरती बगा." मी हात लावला. पत्रा गार होता, आणि तळव्याखाली तो शहारला. मी हात काढून घेतला आणि इंजिनाची थरथर असेल, असं काहीतरी बरळलो. इंजिन दोन दिवस बंद होतं. मी भ्यालो होतो.

सरुबाईने ती पुसायची फडकी उकळत्या पाण्यात टाकली होती. डाग उलट पक्के बसले. ती नवऱ्याला म्हणाली, "ह्ये कुकू न्हाई. ह्यो डाग बायांना कळतो. गार पान्यानंच जातो, गरम पान्यानं बसतो." रखमाजीने फडकी पिळून पुन्हा दोरीवर टाकली.

बाविसाव्या दिवशी तेच चाक पंक्चर होऊन बसलं. महिपतीने जॅक लावला, मी चाक उतरवायला बंगल्यावर गेलो. रखमाजी तेवढ्यात पंखा आतून धुवायला वाकला. वर, कधी हात पोचत नाही अशा सांदीत त्याची बोटं अडकली. त्याने ओढून काढलं ते ओल्या फरशीवर ठेवलं.

आपट्याची जुडी होती. पानं काळी पडलेली, आणि वर बैलाच्या शेपटीचे पांढरे केस, तिपेडी गाठीचे.

तो ओरडला नाही. "म्हिपती, माजा कोंडा कुटं टाकलास?" एवढंच विचारलं.

महिपती खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. कान्ह्यापाशी गाडी सडकेवरून घसरली, कडेने चालणारा पोरगा चाकाखाली सापडला. शेठ मागे पिऊन झोपलेले. महिपतीने पोराला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात नेणार होता. "जित्ता व्हता," महिपती म्हणाला. "म्हनला, लोनावळ्याला माजा भाऊ गाडी धुतो, त्याच्याकडं न्या. मी तवाच वळीखलं, रखमाभाऊ. कार्ल्यापाशी गेला तो. मग मी भ्यालो." शेठला उतरवून तो तसाच घाटात गेला आणि कोंडाला राजमाचीच्या दरीत सोडून आला. आल्यावर पूजेच्या ताटातलं उरलंसुरलं कुंकू चाकावर थापलं.

शिपाई आले, महिपतीला घेऊन गेले. शेठने गाडी विकली. दरीत काहीच सापडलं नाही.

पण गाडी जायच्या आदल्या सकाळी रखमाजीने ती शेवटची धुतली. सगळीकडून, तीच रीत, फक्त डावं चाक तोंडाच्याही नंतर, गार पाण्याने. त्या चाकाचं पाणी त्याने बादलीत धरलं. आम्ही दोघे इंद्रायणीवर गेलो. पाणी नदीत सोडलं तेव्हा त्याने मला विचारलं, "कादरभाई, तुमच्यात मयताला आंगूळ घालत्यात न्हवं?"

"घालतात."

"आमच्यातबी. एकदाच. म्या कोंडाला बावीस येळा घातली," तो म्हणाला, "आन एकदाबी त्याचं नाव घेतलं न्हाई."