मुलगी बंदूक चालवते

पोलीस भरतीत माझी निवड झाली तेव्हा आईने आमच्या मोहने गावात सगळ्यांना सांगितलं, की मी ठाणे शहरात एका ऑफिसात कागदपत्रं बघते. बंदूक धरणाऱ्या मुलीला स्थळ मिळत नाही, असं तिचं म्हणणं होतं. मीही कधी वाद घातला नाही.

मागच्या नवरात्रात मला ठाण्यातल्या टेंभी नाक्यावर, देवीच्या मंडपाशी रायफल घेऊन बंदोबस्त होता. आई शेजारच्या काकूंबरोबर देवीच्या दर्शनाला आली. मला पाहून काकू म्हणाल्या, "अगं, ही तर ऑफिसात असते ना? आणि एवढी बंदूक बाईमाणसाला झेपते का?"

आई आधी रायफलकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "तिला दिलीये म्हणजे झेपत असणार," असं म्हणून ती काकूंना पुढे घेऊन गेली.

मी घरी गेल्यावर तिने विचारलं, "गोळी सुटली की खांद्याला लागतं का गं?"

"धक्का बसतो. पण सवय होते."

माझ्या कामाबद्दल तिने पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

दिवाळीनंतर डोंबिवलीचं एक स्थळ आलं. त्यांना आईनेच सांगितलं, "मुलगी पोलिसात आहे, बंदूक चालवते." त्यांचा परत फोन आला नाही. आई म्हणाली, "आधीच कळलं ते बरं झालं."