नीलकंठाचं औषध

सोलापूरच्या पार्क चौकातून आमची यात्रा कंपनीची मोटार निघाली तेव्हा टपावर आचाऱ्याची पातेली होती, जोंधळ्याच्या पिठाची पोती होती, आणि चाळीसेक वळकट्यांमध्ये क्षयरोगाची औषधं होती. निरोप द्यायला आलेल्या नातेवाइकांना वाटत होतं, आपली माणसं काशी करून पशुपतिनाथाला चालली आहेत. ते खरंच होतं. पण समाजसेवा करणाऱ्या आमच्या मंडळाच्या लेखी चालल्या होत्या त्या वळकट्या. माणसं फक्त सोबतीला होती.

असा उलटा कारभार का करावा लागला ते सांगते. आमच्या मंडळातली डॉक्टर सुधाताई नेपाळच्या तराईत (डोंगर सुरू व्हायच्या आधीचा सपाट मुलूख) दवाखाना चालवते. तिने कळवलं होतं की इंजेक्शनं संपत आली आहेत. बुधनी नावाची एक बाई रोज पायी येऊन इंजेक्शन घेते, तिचा खोकला आता कुठे कमी होतोय; मध्येच खंड पडला तर रोग दुप्पट चिवट होऊन उलटेल. आम्ही पेठेत झोळ्या फिरवल्या, डॉक्टरांच्या कपाटातली नमुन्याची औषधं काढून घेतली, गिरण्यांतून पट्ट्यांचं कापड मागून आणलं. आणि हे सगळं नेपाळात न्यायची रीतसर परवानगी मागितली. कचेरीने उलट विचारलं: सोबतचा कापूस हे कापड समजावं की औषध? कापड असल्यास विषय दुसऱ्या खात्याचा आहे. हा प्रश्न सोलापूरच्या माणसांना! आम्ही उत्तर दिलं. त्यावर त्यांनी विचारलं, बँडेजचं काय?

मी टेबलावर हात आपटून आले. टेबलाला काही झालं नाही.

मग मार्ग सुचला. यात्रेकरूला वाटेत लागणारं स्वतःचं औषध नेता येतं. तर मग प्रत्येक यात्रेकरूच्या वळकटीत एकेक पुरचुंडी द्यायची. यात्रा कंपनीचे मालक वसंतराव तयार झाले, यात्रेकरूही तयार झाले. देखरेखीला म्हणून मंडळाने मला पाठवलं. मी देव मानत नाही, हे मी मोटारीत पाय ठेवतानाच सगळ्यांना सांगून टाकलं.

"नसंना का," माझ्या शेजारच्या बाकावरून मंद्रूपच्या गंगव्वा म्हणाल्या. "खिडकी मानतीस का? मग सरक तिकडं. मला वारं लागतंय."

गंगव्वा साठीच्या पुढच्या. डोकं गरगरायचं म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोजच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि त्या गोळ्यांवर त्यांचा जुना राग होता. इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या मी त्यांच्या हातात दिल्या तेव्हा त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. "काचंचं हाय गं हे. वळकटीत फुटंल की. पिठात घाल." तेव्हापासून बुधनीची इंजेक्शनं गंगव्वांच्या पिठाच्या पिशवीत प्रवास करत होती. आचाऱ्याला त्या पिशवीला हात लावायची बंदी होती.

सोलापूर सुटल्यावर तीन गोष्टी रोज घडत. सकाळी आरती होई. दुपारी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा मिळे. आणि संध्याकाळी मी सगळ्यांकडून एक वाक्य पाठ करून घेई: "हे माझं औषध आहे, वाटेत लागतं म्हणून घेतलंय." नाक्यावर विचारलं तर एवढंच बोलायचं. मी शिवाय क्षयरोगाची माहितीपत्रकं वाटली, आणि पूजाअर्चेविरुद्ध लिहिलेली माझी पत्रकंही. त्यावरून माझं नाव पत्रकबाई पडलं. पत्रकांचा उपयोग मात्र झाला, नाही असं नाही; भाकऱ्या त्यांत छान गुंडाळल्या जात.

जबलपूरजवळ पहिला अपघात उघडकीला आला. वैरागचे तात्या, अडतीचं दुकान चालवणारे, गोल टोपीतले गृहस्थ, यांनी पट्ट्यांची पुरचुंडी आणि चटणीचा डबा एकाच पिशवीत ठेवला होता. डब्याचं झाकण उडालं होतं. पांढऱ्याशुभ्र पट्ट्या लालभडक झाल्या होत्या आणि लसणाचा वास मारत होत्या.

"तात्या, ह्या जखमेवर बांधायच्या होत्या!"

"मग बांधा की. पेशंट लगीच पळाया लागंल."

मी नर्मदेच्या काठी बसून त्या पट्ट्या धुतल्या. शेजारी बायका पुण्य म्हणून डुबक्या मारत होत्या. एकीने मला विचारलं, हे कसलं व्रत?

काशीला आम्ही सकाळी पोचलो. घाट कसा, गंगा कशी, ते इतरांनी लिहिलेलं आहे. मला आठवते ती रांग. काशीला आलं की स्नानानंतर एखादी वस्तू जन्मभरासाठी सोडायची, अशी रीत आहे. पंडा (घाटावरचा पुरोहित) एकेकाला विचारतो, काय सोडलं? नियम असा की आवडीची वस्तू सोडावी. व्यवहार असा की नावडती सोडतात. तात्या रांगेत पहिले. त्यांनी दुधी भोपळा सोडला. त्यांना दुधी कधीच आवडत नव्हता हे सोलापूरपासून सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरा नंबर गंगव्वांचा. त्या जरा थांबल्या. मग ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "मी औषध सोडलं."

पंडा गोंधळला. "माताजी, औषधि? वो तो फल-सब्जी में नहीं आती."

"मला काय करायचंय? मी सोडलं."

रांगेतल्या माना गंगव्वांकडे वळल्या. एवढी सोपी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसलं. वांगं सोडून जन्मभर वांग्याकडे बघत बसायचं, त्यापेक्षा हे किती बरं! पुढची बाई म्हणाली, औषध. तिचे यजमान वांगं म्हणायला तोंड उघडत होते. तेही औषध म्हणाले. मग रांग भराभर पुढे सरकली. औषध, औषध, औषध. तात्या परत आले आणि पंड्याशी भांडू लागले, "माझा दुधी माघारी द्या, मला औषध लिवा." एकदा सोडलं ते सोडलं, असं पंड्याने बजावलं. तात्यांनी चिडून दोन्ही सोडलं.

मी पायरीवर उभी राहून हे बघत होते. डॉक्टर गंगव्वांना रोजची गोळी देतो आणि ही बाई ती गंगेत सोडते! मी तिथेच बोलायला सुरुवात केली. माकडांखेरीज कुणी ऐकलं नाही.

खरा घोटाळा दुपारी धर्मशाळेत झाला. जेवणं झाल्यावर एकेक यात्रेकरू आला आणि आपली पुरचुंडी दोन बोटांत धरून माझ्या अंथरुणावर ठेवून गेला. "घे बाई तुझं." शेवटी गंगव्वांनी पिठाची पिशवी आणून ठेवली.

"हे काय?"

"आमी औषध सोडलंय की. आता शिवायचं न्हाय."

"गंगव्वा, गिळायचं सोडलंय तुम्ही! वाहून न्यायचं कुठं सोडलंय?"

"सोडलं म्हंजी सोडलं."

"असं कसं?" तात्या मध्ये पडले. "मी दुधी सोडलाय. म्हणून मंडईत दुधीच्या गाड्यावरनं उडी मारून जाऊ का काय?"

तासभर खल झाला. कारलं सोडलेल्या बाईने नातवंडांसाठी कारलं चिरावं का, इथपर्यंत चर्चा गेली. अखेर निवाडा झाला तो असा: औषध सामानात असायला हरकत नाही, पण हाताने ठेवायचं ते न सोडलेल्या माणसाने. अशा माणसांत मी एकटीच होते. मी चाळीसेक वळकट्या सोडल्या, पुरचुंड्या घातल्या, पुन्हा बांधल्या. वळकट्यांचे मालक कडेला उभे राहून "दोरी घट वढ गं" अशा सूचना देत होते.

बिहार ओलांडून रक्सौलला आलो आणि पलीकडे वीरगंजच्या भन्सारपाशी (नेपाळातलं जकात नाकं) मोटार थांबली. अधिकारी धिप्पाड होता आणि खोकत होता. त्याने पहिली वळकटी उघडायला लावली ती नेमकी तात्यांची. लसणाचा वास आला. त्याने पुरचुंडी उचलली.

"यह दवाई किसकी है?"

मी तात्यांकडे पाहिलं. वाक्य पाठ होतं. तात्यांनी टोपी नीट केली. "आमची न्हाय. आमी औषध घेत न्हाय."

काशीहून ताजं पुण्य घेऊन निघालेली माणसं खोटं बोलायला तयार नव्हती. दुसरी वळकटी, तिसरी वळकटी. कुणाचंच औषध नाही. मग कुणाचं? सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. "पत्रकबाईचं."

अधिकाऱ्याने ढीग पाहिला, मला पाहिलं, आणि एक पाऊल मागे सरला. एवढं औषध लागणारी बाई उभी कशी आहे, हे त्याला कळेना. मी खरं काय ते सांगितलं. सुधाताई, दवाखाना, बुधनी, खंड पडला तर काय होईल, सगळं. शिवाय सरहद्द रोगजंतूंना लागत नाही तर औषधाला का लागावी, हेही विचारलं. ते विचारायला नको होतं. त्याने व्यापाराचा माल म्हणून सगळं उतरवायला सांगितलं. हमाल टपावर चढले. इथून काही मैलांवर बुधनी दवाखान्याच्या बाकावर बसून असेल, आणि तिची इंजेक्शनं इथे पिठात पडून राहणार.

"थांब रं बाबा," गंगव्वा उठल्या. "ते देवाचं हाय."

अधिकारी वळला.

"जे सोडलं ते देवाला वाहत्यात. आमी काशीत सोडलं, आता पशुपतीला वाहणार. हितं ठेवून घेतलंस तर देवाचं ठेवून घेतलंस."

मी हे मोडक्या हिंदीत सांगितलं. अधिकारी चक्रावला. "भगवान को दवाई?"

तात्या पुढे झाले. त्यांची हिंदी सोलापूरच्या बाजारात शिकलेली. "सायेब, उनो हलाहल पियेले हैं. गला अब्बी तक नीला हय. दवा लगती नै क्या उनको?"

अधिकाऱ्याने टोपी काढली. मग हमालांना खाली उतरायची खूण केली, आत गेला, आणि टेबलाच्या खणातली आपली खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली घेऊन आला. "हमारी तरफ़ से भी चढ़ा देना."

दवाखाना वीरगंजच्या पुढे, सालाचं जंगल लागायच्या आधी, रस्त्यालगतच आहे. सुधाताई रस्त्यावर उभी होती. मागे बाकावर एक हडकुळी बाई पदर तोंडाशी धरून बसली होती. ती बुधनी. इंजेक्शनं परवाच संपली होती, तरी ती येऊन बसत होती.

मी पिठाच्या पिशवीकडे झेपावले. गंगव्वांनी माझा हात धरला.

"कुटं? देवाला कबूल केलंय. आदी काठमांडू."

"गंगव्वा, ते नाक्यावर सुटायला म्हणालात ना?"

"तुजं आसंल सुटायला. मी खरं बोलले."

मोटारीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. डोंगर चढून काठमांडू, तिथला मुक्काम, मग परत. माझा तोल सुटला. मी ओरडले. सुधाताईने मला गप्प बसवलं आणि गंगव्वांना म्हणाली, "आजी, पाय मोकळे करायला खाली तर उतरा." ती त्यांना दवाखान्यामागे घेऊन गेली. तिथे पिंपळाखाली एक ओबडधोबड पिंड होती, डोक्यावर दोन जास्वंदीची फुलं.

"हाही पशुपतीच आहे," सुधाताई म्हणाली.

गंगव्वा अशा सहज ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पिंड निरखली, शाळुंकेत बोट घालून पाहिलं. "ओलं हाय. पाणी कोण घालतं?"

"ती बाकावर बसलीय ना, ती. रोज सुई टोचून घ्यायच्या आधी."

गंगव्वांनी मागे वळून बुधनीकडे पाहिलं. बुधनीला खोकल्याची उबळ आली होती. ती थांबेपर्यंत गंगव्वा बघत राहिल्या.

"मग हितंच वाहा," त्या म्हणाल्या.

प्रश्न एकच उरला. वाहणार कोण? सगळ्यांनी औषध सोडलेलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पूजाअर्चेविरुद्ध मी लिहिलेली पत्रकं अजून मोटारीत भाकऱ्यांना गुंडाळलेली होती. मी चपला काढल्या. एकेक पुरचुंडी पिंडीपुढे ठेवली, पिठाने माखलेल्या बाटल्या ठेवल्या, शेवटी अधिकाऱ्याची खोकल्याची बाटली ठेवली. तात्या तांब्या घेऊन अभिषेकाला धावले तेव्हा सुधाताई किंचाळली, "कापसावर नको!"

"आता हा परसाद," गंगव्वा म्हणाल्या. "परसाद साठवायचा नसतो. वाटा."

सुधाताईने तिथल्या तिथे सुई उकळून घेतली. बुधनीने दंड पुढे केला. सगळी मोटार तिच्याभोवती गोळा झाली होती. सुई टोचली तशी चाळीस गळ्यांतून "हर हर महादेव" निघालं, आणि बुधनी इंजेक्शनाला नाही पण त्या आरोळीला दचकली. मग हसली.

काठमांडूला गेलो. पशुपतिनाथाच्या दारात तात्यांनी हात जोडून सांगितलं, "तुमचं वाटंत पोचतं केलंय." थंडी फार होती. भात बरा होता.

परत सोलापूरला उतरले तेव्हा कचेरीचं पत्र येऊन पडलं होतं. बँडेजबाबत खुलासा अद्याप अप्राप्त. त्यावर मी एक पत्रक लिहिलं, ते छापलंही. दुसरं लिहायला घेतलं ते काशीत सोडायच्या रितीवर. सुरुवात कडक झाली होती. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी नाक्यावर उठून उभ्या राहिलेल्या गंगव्वा आडव्या येत. त्या उठल्या नसत्या तर माझ्या भाषणाने बुधनीचा दंड रिकामाच राहिला असता. पत्रक अर्धं राहिलं.

तेवढ्यात मंद्रूपहून त्यांच्या सुनेचा निरोप आला. सासूबाई गोळ्या घेत नाहीत, उठलं की घेरी येते, परवा चुलीजवळ पडता पडता वाचल्या. मी गोळ्यांची बाटली घेऊन एस.टी.ने गेले. वाटभर काय बोलायचं ते जुळवत होते. गंगव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस? बोलू नगंस. सोडलंय मी."

मी चपला काढून आत गेले. देवळीत त्यांचे देव होते. बाटली त्यांच्यापुढे ठेवली, हळदीकुंकवाची चिमूट टाकली, हात जोडले. बाहेर येऊन एक गोळी गंगव्वांच्या तळहातावर ठेवली.

"काय हाय हे?"

"प्रसाद."

त्यांनी गोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग इतक्या हसल्या की सुनेला त्यांना धरावं लागलं. हसणं ओसरल्यावर डोळे पुसून त्यांनी विचारलं,

"परसाद जेवायच्या आदी घ्यायचा का मागनं?"

"जेवण झाल्यावर," मी म्हटलं. "आणि रात्री आणखी एक."