सव्वीस वाटाणे

कारखान्याच्या खानावळीत तिला सगळे पळीताई म्हणत. कामाच्या कोटाच्या खिशात लांब दांड्याची एक छोटी पळी कायम खोचलेली असे. तीनशे माणसांचं जेवण, आठ मोठी पातेली. एकेका पातेल्याला उकळी आली की पळी खिशातून निघायची, रश्श्याच्या तवंगावर अलगद टेकायची आणि जिभेवर जायची. मग मीठ, मग पुन्हा पळी. चव तळाशी नसते, वरच्या तेलात असते, असं ती सांगे. मी त्या खानावळीत दोन वर्षं जेवलो. तिनं चव घेतली असताना मिठावरून कुणी ताट बाजूला सारलेलं मला आठवत नाही.

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत धाकट्या भावाचं शिलाईचं मशीन, आतल्या खोलीत तिची खाट आणि शेगडी. आईवडील लवकर गेले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि भाऊ सहा. त्याला वाढवता वाढवता तिचं स्वतःचं सगळं मागे पडलं, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. त्याच भावाच्या दोन्ही किडन्या चाळिशीच्या आतच निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून रक्त धुवून घ्यायचं आणि उरलेल्या दिवसांत बसून बटणं लावायची, एवढंच त्याच्या हातात राहिलं.

बहिणीची किडनी जुळली. ते कळलं तेव्हा ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. पण डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. एक्क्याण्णव किलो.

"अठ्ठ्याहत्तर करून या. या वजनात आम्ही तुम्हाला हात लावणार नाही. तुमच्याच जिवाला धोका आहे."

"तेरा किलोच ना? महिन्याभरात आणते," ती म्हणाली, जणू बाजारातून आणायचे होते.

महिनाभर ती काकडी आणि लिंबूपाण्यावर राहिली. पाच किलो उतरले. खानावळीत एकदा भरलेलं पातेलं हातातून सुटलं, तेही तिनं हसण्यावारी नेलं. छाती पुढे काढून ती दवाखान्यात गेली. तिथल्या आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंनी तिच्या हातात पकडीची ताकद मोजणारा एक दांडा देऊन तो आवळायला सांगितला, रक्ताचा कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"पाच किलो गेले, पण चोर चुकीच्याही घरात शिरलाय. चरबीबरोबर मांसही गेलंय. रक्तातली प्रथिनं उतरलीत. अशा शरीरावर चाकू चालवला तर जखम भरायची कशानं?"

"मग खाऊ म्हणता?"

"खाच. अर्धं ताट भाजी. पाव ताट अंडी, मासे नाहीतर कडधान्य, त्यातून प्रथिनं मिळतील. उरलेल्या पाव ताटात भात, बटाटा किंवा पोळी, त्यातलं एकच काहीतरी. आणि दिवसाला दोन चमचे तेल."

"भात सोडला तर लवकर उतरेल की!"

"दिवसभर उभं राहून काम करता. भात पुरता सोडलात तर आठव्या दिवशी पातेल्यासकट खाल. तेलही लागतं शरीराला. प्रथिनं, भात, तेल, तिन्ही लागतात, पण आपापल्या जागेवर."

घरी आल्यावर भावानं कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि तिच्या ताटाच्या काठावर तीन रेघा ओढल्या. "ही हद्द. भातानं ओलांडली तर दंड."

"दंड कोण घेणार? तू? साधं पाणी प्यायचं तरी मला विचारतोस."

ताट धुतलं की रेघा जायच्या. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढायचा.

तीन महिने ती त्या रेघांच्या आत जेवली. अंडं मोजून, भात मापून, तेल चमच्यानं. काटा मात्र शहाऐंशीवरून पंच्याऐंशीवर गेला आणि पुन्हा शहाऐंशीवर आला. आहाराच्या बाई एकदा सावकाश म्हणाल्या, "काही चोरून तर खात नाही ना?" त्या दिवशी ती घरी आली ती तोंड फिरवून झोपली. भावाला वाचवायला निघालेली बाई चोरून खाईल?

मग एका सकाळी भाऊ खानावळीत आला. पहिल्या पाच किलोंनी ढिला पडलेला तिचा दुसरा कोट त्यानं बाजूंनी आत घेतला होता, तो द्यायला. दमला होता, म्हणून ती सोलत होती त्या वाटाण्यांच्या टोपलीशेजारी स्टुलावर बसला. बहिणीची लगबग बघत राहिला. मग त्यानं एक रिकामी वाटी पुढे ओढली.

स्वयंपाक उरकल्यावर त्यानं ती वाटी तिच्यापुढे धरली. आत वाटाणे होते.

"सव्वीस," तो म्हणाला. "पळी तोंडात गेली की एक."

"अरे, ती चव! चव घेणं म्हणजे खाणं का?"

"पोटाला काय कळतंय, ताई? आणि सगळं वरचंच, तेलातलं."

तिनं पळी पाण्यात सव्वीस वेळा बुडवून एका वाटीत ओतली. निम्मं तेल धरलं तरी दोन चमच्यांच्या कितीतरी पुढे गेलं. ती खाली बसली. चव ही तिच्या कामातली गोष्ट होती. हात धुण्यासारखी. तिनं ती कधी जेवणात धरलीच नव्हती, आणि बाईंनी विचारलं तेव्हाही तिला ती आठवली नव्हती.

त्या दिवसापासून पळी खिशातून गेली. चव घ्यायचं काम भाज्या चिरणाऱ्या बाईकडे दिलं. तिला सगळं खारटच हवं असायचं. पहिल्या आठवड्यात एक फिटर ओरडला, "पळीताई, आज समुद्र ओतलात की काय?" आणि तीस वर्षांत पहिल्यांदा अर्धी भरलेली ताटं परत आली. ती मान खाली घालून ती ताटं रिकामी करत राहिली.

वजन मात्र उतरू लागलं. चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, ऐंशी. हाताची पकड घट्ट राहिली, रक्त चांगलं आलं. दर वेळी भाऊ कोट आत घेई, आधीची शिलाई तशीच ठेवून तिच्या आत नवी घाली. "जादा कापडाची माया ठेवलीय आत," तो म्हणे, "ऑपरेशननंतर पुन्हा चरायला लागलीस की उसवून देईन." चौथ्यांदा तो फार थकला होता. मशीनवर न बसता त्यानं नुसते हाताचे कच्चे टाके घातले. "पक्की शिलाई अठ्ठ्याहत्तर झालीस की मारू."

ती एकोणऐंशीवर आली त्या आठवड्यात त्याच्या हातावरची यंत्राची सुई टोचायची जागा लाल झाली. ताप आला. पाचव्या दिवशी तो गेला.

वीस दिवसांनी ती दवाखान्यात वजनाच्या नोंदींचं कार्ड परत द्यायला गेली. काटा समोरच होता. ती सवयीनं चढली. अठ्ठ्याहत्तर. आहाराच्या बाईंनी आकडा लिहिला आणि मग पेन खाली ठेवलं.

"बाई, ते तीन महिने वाया गेले नसते तर?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. बोलल्या नाहीत. तिचा हात हातात घेऊन बसल्या.

नंतर कुणीतरी तिला म्हणालं, "आता कशाला हे मोजूनमापून? खा की पोटभर." चव घ्यायलाही सगळ्यांनी सांगितलं. ती हो म्हणायची. पण ताटात अजून अर्ध्यात भाजी, पावात अंडं, पावात भात असतो. खडूच्या रेघा नसल्या तरी तिला दिसतात.

हे अजून कशासाठी, असं मी एकदा तिला विचारलं. तिनं कोटाची बाजू उलटून दाखवली. आत तीन ओळी पक्क्या, आणि चौथी हाताची, लांब लांब टाक्यांची, पांढऱ्या दोऱ्याची.

"कच्ची आहे," ती म्हणाली. "जरा ताण आला की तुटेल."

"मग मशीनवर मारून घ्या ना कुणाकडून तरी."

तिनं कोट नीट केला, बटणं लावली आणि पातेल्याकडे वळली.