बाप निवटा

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी करावे गावात बालवाडी चालवायचे. तेव्हाचा माझा एक धडा फार गाजला, निदान मला तसं वाटायचं. प्राणी कुठे राहतात, काय खातात, तिथे जगायला त्यांना काय काय जमावं लागतं, हे शिकवायचं होतं. तक्त्यावर वाघ, उंट आणि पांढरं अस्वल. खाडीकाठच्या पोरांना त्या अस्वलाचं काय कौतुक? म्हणून मी निवटा घेतला. ओहोटीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा, बटबटीत डोळ्यांचा मासा. मुलं त्याला चांगली ओळखत होती.

अंग ओलं राहिलं की तो पाण्याबाहेरही श्वास घेतो, चिखलात बीळ खणतो, तेच त्याचं घर. इथवर ठीक होतं. पण मुलं ऐकायला लागली की मला चेव चढतो. बिळातल्या अंड्यांची राखण बाप करतो, असं मी वाचलं होतं. मी त्या बापाला बोलायलाच लावलं. "मी आहे दाराशी, झोपा तुम्ही," असं माझा निवटा अंड्यांना सांगायचा. मुलं गप्प बसून ऐकायची आणि मी हवेत तरंगत घरी जायचे.

काही दिवसांनी एका मुलीची आई दारात आली. ओहोटीला बिळात हात घालून निवटे पकडायचे, थोडे विकायचे, उरलेले शिजवायचे, असं तिचं घर चालायचं.

"बाई, पोर जेवत नाय. म्हावरा पुढं आला का रडते. कोरडा भात किती दिस खाईल? तुमी येऊन तिच्यासमोर दोन घास खावा. तुमचा ऐकते ती."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच लाज वाटली. मुलगी मुळातच काडीपहिलवान. मी उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि उपाशी राहत होतं तिचं पोर. आमच्या घरात मासळीचा वासही चालत नसे. पण ते सांगायला मला तोंड नव्हतं.

मी गेले. भातावर लालभडक कालवण आणि त्यात अख्खा निवटा. मी घास घेतला. चव कळलीच नाही, चेहरा हसरा ठेवण्यातच सगळं लक्ष होतं. मुलगी भिंतीला टेकून आधी माझ्या तोंडाकडे, मग आपल्या ताटाकडे बघत राहिली.

"बाई, ह्यो बापूस हाय का?"

मला काय ठाऊक असणार? पण तसं म्हटलं असतं तर ती ताटावरून उठली असती.

"नाही गं. हा एकटाच राहायचा. याच्या बिळात कुणी नव्हतं."

"नक्की?"

"नक्की."

तिने ताट जवळ ओढलं आणि बोटं चाटून जेवली. तिच्या आईने डोळे पुसले आणि न विचारता माझ्या ताटात आणखी एक निवटा वाढला. मी तोही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा ती मुलगी उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "आपन खातो ना, ते निवटे एकटेच असतात. त्यांना पोरं नसतात. बाईंनी सांगितलंय."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. इतक्या जणांना तो घास जड जात होता, हे मला तेव्हा कळलं. मी मान डोलावली.