कप हलवणारा माणूस

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. लातूरच्या आमच्या बाजारातला एक कापड दुकानदार तरुणपणी मस्कतला राहून आल्याचं सांगायचा. ‘हा मुंबईच्या पुढं गेलेलाच नाही,’ अशी आवई मी उठवली आणि बाजार त्याला हसू लागला.

त्याची मान मात्र ताठच. कपाळावर भस्माचे पट्टे, आणि आखाताकडे निघालेल्या प्रत्येकाला गादीवर बसवून चिमुकल्या कपात कोरा चहा ओतायचा. “हा कहवा समजा, तिकडची कॉफी. उजव्या हातानंच घ्या. नको म्हणलं तरी तिकडचे लोक ओततच ऱ्हातेत. कप असा हलवा, मग थांबतेत.”

यंदा लेकीकडे मस्कतला गेलो. तिच्या ओमानी शेजाऱ्याकडे कहवा पिताना माझ्या ‘नको, नको’ला कुणी दाद देईना. शेवटी कप हलवला. यजमानानं हसून किटली खाली ठेवली.

परतल्यावर थेट त्याचं दुकान गाठलं आणि मस्कतला जाऊन आल्याचं सांगितलं. भर गिऱ्हाइकांत त्यानं विचारलं, “काका, सांगा यांना. मी सांगतो ते खरं हाय का न्हाई?”

“शंभर टक्के खरं,” मी म्हणालो.

“ऐकलं का? काका सोता जाऊन आलेत.”

कुणी हसलं नाही. त्याच्याकडे बघून माझाही ऊर भरून आला. पण ‘ती आवई माझीच होती, माफ करा,’ एवढं काही तोंडातून निघालं नाही.